दोऱ्यासकट फुललेली शेवंती

आमच्या कोल्हापूरच्या शाळेच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिही, असा वर्गमित्राचा फोन आला आणि मी लगेच हो म्हणून बसलो. मग 'शाळेने मला घडवले' या थाटाची दोन पानं लिहिली आणि फाडली. शाळेनं घडवलं असेलही, पण माझ्या डोक्यात शाळा म्हटलं की आधी येतो तो फाल्गुनातला एक शनिवार आणि माझी चोरी. तेवढंच लिहितो.

होळी आणि रंगपंचमी यांच्या मधला शनिवार हा आमच्या शास्त्राच्या बाईंचा. त्या दिवशी सकाळच्या शाळेत तास नाहीत. पाचवी ते सातवीची पोरं दोन-दोनच्या रांगेनं निघायची ती मिरजकर तिकटी, बिंदू चौक, शिवाजी पुतळा करत भाऊसिंगजी रोडनं थेट टाऊन हॉलच्या बागेत. बाई त्याला 'वसंताला सामोरं जाणं' म्हणायच्या. एका आगाऊ पोरानं विचारलं होतं, "बाई, वसंत तर चैत्रात लागतो, पुस्तकात तसंच आहे." बाई म्हणाल्या, "बरोबर आहे. पण झाडांना पुस्तक वाचता येत नाही ना."

टाऊन हॉल आता सगळे म्युझियम म्हणूनच ओळखतात. १८७२ ते १८७६ या काळात बांधलेली ती उंच निमुळत्या छपरांची इमारत, समोर तोफा आणि भोवती जुनी मोठी झाडं. आत ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली पोसायडनची छोटी ब्राँझची मूर्ती आहे. ग्रीकांचा समुद्रदेव आमच्या पंचगंगेच्या काठावर कसा आला, हे बाई दरवर्षी सांगायच्या. रोमशी चालणारा व्यापार वगैरे. आमचं लक्ष मात्र भडंगाच्या पुड्यांकडे.

बाईंचा नियम एकच. झाडाला हात लावायचा नाही. खाली पडलेलं एक फूल उचलायचं, वहीत चिकटवायचं आणि त्याखाली चार गोष्टी लिहायच्या: नाव, ठिकाण, वास, पाकळ्या किती. नाव माहीत नसलं तर माळीमामांना विचारायचं. हे मामा मोठे मजेशीर होते. फुलाचं नाव विचारलं की आधी "तुझं नाव काय रं?" म्हणायचे, मग पेठ विचारायचे, मग फुलाकडे बघायचे.

सातवीत मला पहिला नंबर हवा होता. नंबर वगैरे काही नव्हता खरं तर, पण बाई एकेकाची वही उंच धरून सगळ्यांना दाखवायच्या, तेच आम्हाला बक्षीस. खाली पडलेली फुलं म्हणजे सुकलेली, तुडवलेली, मुंग्या लागलेली. म्हणून मी निघताना घरच्या देव्हाऱ्यातल्या हारातली एक टपोरी पिवळी शेवंती ओढून खिशात घातली. बागेत गेल्यावर एका झुडपामागे ती खाली टाकली आणि "सापडली!" म्हणून उचलली. खाली टाकण्याचं कारण असं, की मग खोटं बोलल्यासारखं होत नाही. सातवीतलं तर्कशास्त्र!

बाईंनी फूल हातात घेतलं, देठाकडून उलटं केलं. मधून बोटभर पांढरा दोरा लोंबत होता.

"काय रे, इथली शेवंती आता दोऱ्यासकट फुलायला लागली होय?"

अख्खा वर्ग हसला. मी रडकुंडीला आलो. बाईंनी छडी उगारली नाही, कान धरला नाही. म्हणाल्या, "चिकटव. ठिकाण लिही, देव्हारा. आणि आता पाकळ्या मोज."

शेवंतीच्या पाकळ्या मोजून बघा कधी. बाकीचे भडंग खात होते आणि मी तोफेच्या सावलीत बसून एकेक पाकळी काढून कागदावर दहा-दहाचे ढीग लावत होतो. शंभरी ओलांडली, आकडा चुकला, पुन्हा सुरुवात केली. थोड्या वेळानं बाई शेजारी येऊन बसल्या. त्यांनी एक पाकळी उचलून माझ्या बोटावर ठेवली आणि तिच्या बुडाशी असलेली बारीक नळी दाखवली. "ही पाकळी नव्हे. हे आख्खं फूल आहे. तू मघापासून फुलं मोजतोयस." म्हणजे शेवंतीचं एक फूल असं काही नसतंच, ती शेकडो बारक्या फुलांची वस्ती असते. एवढं ऐकून मी रडायचं विसरलो. पुढे मी काही शास्त्रज्ञ झालो नाही, विम्याच्या कचेरीत नोकरी केली. पण हार विकत घेताना आजही शेवंती उलटी करून बघतो. फुलवाल्या मावशींना वाटतं, मी शिळी आहे का ते तपासतोय.

त्याच दिवशी आंबेवाडीहून सायकलीनं येणाऱ्या एका मित्रानं पिशवीभर पळसाची फुलं आणली होती. तीही बांधाखाली पडलेलीच, त्यामुळे नियमात बसणारी. वास नाही, पण रंग असा की पिशवीचं कापडसुद्धा आतून केशरी झालेलं. सोमवारी बाईंनी ती शाळेच्या पातेल्यात उकळली. पाणी पिवळं झालं. मग चिमूटभर चुना टाकला आणि बघता बघता ते केशरी झालं. कोल्हापुरात रंग खेळायचा तो रंगपंचमीलाच, धुळवडीला नाही. पण आमच्या वर्गाला तेवढा दम कुठला! पातेलं गार व्हायच्या आत माझ्या पांढऱ्या शर्टावर अर्धा तांब्या ओतला गेला होता. आईनं तो शर्ट तीन वेळा भिजवला, बोलणी माझ्या वाट्याला आली, आणि शेवटी वडिलांनी तो सायकल पुसायला घेतला.

संपादकांनी सांगितलेली शब्दमर्यादा संपत आली, म्हणून चैत्रातल्या जोतिबाच्या यात्रेचं, ससनकाठ्यांचं आणि वर्गात दप्तरात लपवून आणलेल्या दवण्याच्या घमघमाटाचं लिहीत नाही. तो विषय दुसऱ्या कुणीतरी घ्यावा.

ती वही मात्र परवा माळ्यावरच्या ट्रंकेत सापडली. पळस काळा पडलाय, चाफ्याचा नुसता डाग उरलाय. 'ठिकाण: देव्हारा' हे माझ्याच किरट्या अक्षरात अजून स्पष्ट वाचता येतं. त्याच्या वरच्या शेवंतीचा पार चुरा होऊन गेलाय, दोरा तेवढा शाबूत आहे.