लुक्लाची चढाची धावपट्टी

आम्हा सोलापूरकरांना होटगी रोडवरचा सपाट विमानतळ ठाऊक असल्यामुळे, धावपट्टीला चढ असू शकतो ही कल्पनाच मला नवीन होती. एव्हरेस्टच्या वाटेवरील लुक्ला या नेपाळी गावाची धावपट्टी अवघी ५२७ मीटर लांब असून तिचे वरचे टोक खालच्या टोकापेक्षा सुमारे ६० मीटर उंच आहे. लोक तिला जगातील सर्वांत धोकादायक म्हणतात. मला मात्र तो चढ म्हणजे शहाणपणाची रचना वाटते. सुमारे २,८५० मीटर उंचीवर हवा विरळ असल्याने विमानाला थांबायलाही जास्त अंतर लागते आणि उडायलाही. येथे उतरताना चढ वेग कमी करतो आणि उड्डाणाच्या वेळी तोच उतार वेग देतो.

आमचे विमान ट्विन ऑटर, म्हणजे दोन पंख्यांचे छोटे विमान, होते. सामान, हातातल्या पिशवीसह, माणशी १५ किलोच. त्यामुळे काट्यावर शेंगाचटणीचा डबा ठेवावा की जास्तीचा स्वेटर, हे ठरवावे लागले. (डबा ठेवला, आणि तो सर्वांना पुरला.) हवाईसुंदरीने तबकातून गोळ्या आणि कानात घालायला कापूस फिरवला. वैमानिकांची जागा समोर उघडीच असल्याने छताला असलेल्या दोन तरफांवरचे त्यांचे हात, आणि काचेपलीकडे हळूहळू मोठी होत जाणारी ती पट्टी, असे दोन्ही एकाच नजरेत दिसत होते. पट्टीच्या टोकाला डोंगर असल्यामुळे शेवटच्या टप्प्यात पुन्हा वर उठण्याची सोय नाही. उतरायचे की परतायचे, हे त्याआधीच ठरवावे लागते.

ही पट्टी १९६४ मध्ये एडमंड हिलरी यांच्या पुढाकाराने, एव्हरेस्टच्या पायथ्याच्या खुंबू भागातील शाळा व दवाखान्याच्या कामासाठी तयार झाली. मऊ जमीन दाबून घट्ट करण्यासाठी शेर्पांनी तिच्यावर पाय आपटत नाच केला होता, असे सांगतात. डांबर मात्र २००१ मध्ये पडले.

ढग आले की उड्डाणे थांबतात, आणि दुपारनंतर ढग बहुधा येतातच. ऑक्टोबर २००८ मध्ये येथे धुक्यात झालेल्या अपघातात १८ जणांचा जीव गेला, हे ध्यानात ठेवले तर तासन्‌तास थांबावे लागल्याबद्दल तक्रार करवत नाही. म्हणून जाणाऱ्यांना मी आवर्जून सांगतो की परतीच्या रेल्वेचे आरक्षण करताना दोन-तीन दिवस हाताशी राखा आणि लुक्लाचे विमान सकाळचेच घ्या.