पाणी किती फुटांवर आहे?

सांगलीच्या माणसाला सहलीला धरणावर नेऊ नये. त्याला तिथं पाणी दिसतच नाही, आकडे दिसतात. आमच्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये फोन उचलला की ‘कसे आहात’च्या आधी ‘कोयनेतनं किती सोडलंय’ विचारतात. कोयना धरणाची क्षमता १०५ टीएमसी (म्हणजे १०५ अब्ज घनफूट), कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा आणि ४५ ला धोका, हे आम्ही पाढ्यांच्या जोडीनं पाठ केलेलं असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७.५ फुटांवर गेलं आणि तेव्हापासून तर गल्लीतली पोरंसुद्धा क्युसेकमध्ये बोलायला लागली.

हे सगळं ठाऊक असूनही आई-बाबा अमेरिकेत अटलांटाला आल्यावर आम्ही त्यांना लेनियर तलावाकाठी तंबूत राहायला नेलं. तलाव म्हणायचं आपलं. आहे तो बुफर्ड धरणाचा जलाशय, चॅटाहूची नदी अडवून १९५० च्या दशकात भरलेला. धरण आणि काठावरची बरीचशी कॅम्पग्राउंड लष्कराच्या अभियंता दलाकडे आहेत. “म्हणजे मिलिटरी तंबूला जागा भाड्यानं देते?” बाबांचा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न भाड्याचा. बासष्टीच्या पुढच्यांना निम्म्या दराचा पास मिळतो, पण तो नागरिकांना आणि कायमच्या रहिवाशांना. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या बाबांना नाही. हे त्यांनी जावयाकडून पुन्हा पुन्हा खात्री करून घेतलं आणि मग पूर्ण पैसे भरल्यासारखे रुबाबात गाडीत बसले.

पाण्याला लागून असलेल्या जागा सहा महिने आधी, बुकिंग उघडताच संपतात. आम्हाला मिळाली ती जरा वर, पाइनच्या झाडांत. पण या सरकारी जागा नीट आखलेल्या असतात. खडी अंथरलेला सपाट तुकडा, त्यावर बाकं जोडलेलं टेबल, विस्तवासाठी जमिनीत बसवलेलं लोखंडी कडं, कंदील टांगायला खांब, पाण्याचा नळ आणि विजेची पेटी. पलीकडे गरम पाण्याच्या न्हाणीघराची इमारत. आईनं आधी ती बघून घेतली, आणि त्यानंतरच तिची या सहलीला खरी संमती मिळाली.

मला स्वतःला तंबूत झोप लागत नाही. जुलैच्या शेवटी या जॉर्जिया राज्यात रात्रीही अंगाला घाम चिकटून असतो, आणि फुगवलेली गादी पहाटेपर्यंत निम्मी बसते. तरी मी जाते, ते शेजारासाठी. आमच्या वसाहतीत शेजारच्या घरात काय शिजतं ते आजवर कळलेलं नाही. इथं मात्र भाडेकरूंनी भरलेल्या गावभागातल्या जुन्या वाड्यासारखं सगळं उघड्यावर. डाव्या हाताला चाकांवरचं भलंमोठं घर, त्याच्या छताला रंगीत दिव्यांची माळ. उजवीकडे तीन मुलं, एक कुत्रा आणि तंबूचा खांब कुणी हरवला यावर चाललेलं नवरा-बायकोचं भांडण, जे कापडी भिंतींमुळे आम्हाला आमच्याच घरातल्यासारखं स्पष्ट ऐकू येत होतं. आईनं विस्तवावर वांगी भाजायला टाकली तशी ती बाई भांडण अर्धवट सोडून आली आणि हे काय जळतंय म्हणून विचारायला लागली. साल काळीठिक्कर होऊन सुटेपर्यंत आईनं तिला तिथंच उभं करून ठेवलं. लसूण, मिरची, दाण्याचं कूट घातलेलं भरीत तिनं पावाच्या स्लाइसवर फासून खाल्लं. खांब नंतर त्यांच्याच गाडीत सापडला. सांगलीहून आणलेली भडंगाची पुडी मात्र रात्री रॅकूननं पळवली. पिशवी अशी सफाईनं उघडली होती की आम्ही आधी एकमेकांवरच संशय घेतला.

बाबांचं लक्ष यातल्या कशात नव्हतं. ते काठावर उभे राहून तांबड्या मातीचा पट्टा बघत होते. पाणी उतरलं की जंगल आणि पाणी यांच्यामध्ये ही उघडी लाल माती दिसायला लागते, दुष्काळी वर्षात पार रुंद होते. “उन्हाळ्यात भरून किती असतं?” समुद्रसपाटीपासून १०७१ फूट. “साठा?” मी फोनवर एकरफुटांचा हिशेब मांडून सांगितलं की पंच्याऐंशी टीएमसीच्या आसपास. “कोयनेपेक्षा कमीच की,” असं म्हणून ते पहिल्यांदा निवांत झाले.

दुसऱ्या दिवशी धरणाच्या खालच्या अंगाला गेलो. नदीत मांडीभर पाण्यात उभी राहून माणसं ट्राउट मासे धरत होती. दक्षिणेतल्या उकाड्यात हा थंड पाण्यातला मासा जगतो तो धरणामुळेच, कारण पाणी जलाशयाच्या तळातून सोडलं जातं. बाबांनी पाय घातला आणि लगेच बाहेर काढला. तेवढ्यात भोंगा वाजला. वीजनिर्मितीसाठी पाणी सोडण्याआधी तो वाजवतातच. त्यानंतर नदी बघता बघता चढते. गळवाले भराभर काठावर आले. आम्ही उंचावर जाऊन बघत राहिलो. आधी काठचे गोटे बुडाले, मग ज्या ओंडक्यावर एकाचा डबा होता तो ओंडका हलला. बाबांच्या चेहऱ्यावर मी बऱ्याच दिवसांनी तसा आनंद पाहिला. “वेळ सांगून सोडतात. ह्याला म्हणतात कारभार,” ते म्हणाले. पुढं आमच्याकडच्या कारभाराबद्दल जे बोलले ते इथं लिहीत नाही.

मग वाटेत मी त्यांना या पाण्याचं भांडण सांगितलं. अटलांटा वर बसून पाणी पिणार आणि खाली अलाबामा, फ्लोरिडा ओरडणार, असा हा कज्जा १९९० पासूनचा. नदी फ्लोरिडात अपालाचिकोला या नावानं शिरते. तिच्या खाडीतली कालवं (ऑयस्टर) गोड्या पाण्यावाचून मेली अशी फ्लोरिडाची तक्रार होती, ती सुप्रीम कोर्टानं २०२१ मध्ये एकमतानं फेटाळली. कृष्णेच्या पाणीवाटपाचा बच्छावत लवाद आणि खालच्या कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची उंची यांवर केस पांढरे केलेल्या माणसाला यात समजावण्यासारखं काही नव्हतंच. “बरंय,” बाबा म्हणाले, “इथं तरी आपण वरच्या अंगाला.” मला हसू आलं खरं, पण घरासमोरची हिरवळ पहाटे फवाऱ्यानं भिजते ती याच पाण्यावर, तेही आठवलं.

त्या संध्याकाळी कॅम्प-होस्ट आमच्याकडे येऊन बसला. हे बहुधा निवृत्त लोक असतात. फुकट जागेच्या बदल्यात हंगामभर राहतात, गोल्फ कार्टमधून फिरून नियम सांगतात. रात्री १० ते सकाळी ६ शांतता, लाकूड लांबून आणायचं नाही (त्यातून कीड पसरते), वगैरे. बाबांनी त्याला पाण्याची पातळी विचारली. सगळे न्हाणीघर नाहीतर बर्फ कुठं मिळेल ते विचारतात; पातळी विचारणारा त्याला मिळाला नसावा, कारण तो खुर्ची ओढून बसलाच. मी मध्ये बसून दुभाष्याचं काम केलं. २००७ च्या दुष्काळात तलाव वीस फूट खाली गेला आणि बुडालेल्या मोटार-शर्यतीच्या मैदानाचे काँक्रीटचे कट्टे वर आले. बाबांनी लगेच उजनी धरणात बुडालेलं पळसदेवचं देऊळ काढलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये राज्याच्या गव्हर्नरनं कॅपिटॉलच्या, म्हणजे विधानभवनाच्या पायऱ्यांवर जाहीर प्रार्थना केली होती, पाऊस पडावा म्हणून. आई म्हणाली, आपल्यात अशा वेळी देव पाण्यात घालून ठेवतात. “पाणीच नसल्यावर देव कशात घालणार?” बाबा म्हणाले. याचं भाषांतर मला जमलं नाही.

त्या पाण्याखाली गेलेल्या शेतांबद्दलही होस्ट बोलला, पण थोडंच. सरकारनं जमिनी विकत घेतल्या, माणसं उठली. आणि काठावरच्याच फोर्सिथ काउंटीतून कृष्णवर्णीयांना त्याच्याही कितीतरी आधी, १९१२ मध्येच, धाकदपटशानं हाकलून दिलेलं होतं. कोयनेचे धरणग्रस्त बघितलेल्या बाबांनी फक्त मान हलवली.

साडेनऊला बाबांचा फोन वाजला. सांगलीत तेव्हा सकाळचे सात, गल्लीच्या ग्रुपवर पुलाची पातळी येण्याची वेळ. “३१ फूट, वाढते आहे.” होस्टनं विचारलं, एकतीस कशापासून? मग टेबलावर पूल उभा राहिला: दोन ग्लास, त्यांवर आडवी पळी, खाली भरिताचं रिकामं पातेलं म्हणजे नदी. कोयना वरून, वारणा पुढं, अलमट्टी पार टेबलाच्या टोकाला, बर्फाच्या पेटीपाशी. ५७.५ ला पाणी कुठवर होतं हे दाखवायला बाबा बाकावर चढले. होस्ट खाली उभा राहून मोठ्यानं विचारत होता, मग लष्कर काय करत होतं, बोटी कुठून आल्या, आणि बाबा वरून मराठीतच उत्तरं देत होते. मी दुभाष्याचं काम केव्हाच सोडलेलं होतं.

चाकांवरच्या घराची खिडकी सरकली. रंगीत दिव्यांमागून एक वैतागलेला आवाज आला, दहा वाजून गेलेत, इथं शांततेची वेळ पाळतात की नाही, आणि या जागेचा होस्ट कुठं आहे?