चमच्याआधी खुर्ची

सात वर्षांची मुलगी, सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या इजेमुळे स्नायूंवर नीट ताबा नसणं), आधाराशिवाय बसता येत नाही. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे जेवणं-बसणं अशी रोजची कामं जमावीत म्हणून मदत करणारी. घरभेट ठरली होती ती तिच्या जेवणासाठी. आई म्हणाली, "मॅडम, ही चमचा चावून धरते, सोडतच नाही. एका जेवणाला सव्वा तास जातो, आणि निम्मं बाहेरच येतं." फाइलमध्ये वर्षभरात दोनदा न्यूमोनियासाठी भरती केल्याची नोंद होती. ती वाचतानाच मनात पाल चुकचुकली. गिळताना घास किंवा पाणी श्वासनलिकेत जात असेल, तर छाती अशी पुन्हा पुन्हा भरते.

काहीही न बदलता आधी नेहमीसारखं भरवायला सांगितलं आणि बाजूला बसून पाहिलं. आई उभी राहून भरवत होती. चमचा वरून आला, मुलीने वर पाहिलं, मान मागे गेली आणि सगळं अंग धनुष्यासारखं ताणलं गेलं. कुल्ले पुढे घसरले, जबडा धातूच्या चमच्यावर खाडकन बसला. आईने डोक्यामागे हात घालून मान पुढे ढकलली, तर डोकं दुप्पट जोराने मागे आलं. डोक्याला मागून दाब मिळाला की अशी मुलं उलट मागेच रेटतात. तो हट्ट नसतो. हे मी तिथल्या तिथे सांगितलं, कारण तोवर "हट्टी" हा शब्द घरात दोनदा ऐकू आला होता.

मग टेप काढली. कुल्ल्याच्या मागच्या टोकापासून गुडघ्यामागच्या खळगीपर्यंत 31 सेंमी, खुर्चीची बैठक मात्र 38 सेंमी खोल. पाठ टेकायला गेली की बैठकीची कड पोटरीला टोचायची, म्हणून ती पुढे सरकून माकडहाडावर बसायची. खळगी आणि कड यांत दोन-तीन सेंमी जागा हवी, म्हणजे बैठक 28 सेंमीची हवी. पाठीमागे 10 सेंमी जाडीचा कडक फोम लावला. उशी इथे चालत नाही, ती दबते आणि कुल्ले पुन्हा मागे रुततात. पट्टा पोटावर बांधलेला होता, त्याच्याखालून ती सुळकन घसरायची. तो जांघेच्या घडीवर, खाली आणि मागे साधारण 45 अंशांत ओढून बांधला, आत एक बोट जेमतेम जाईल इतका. खळगीपासून टाच 27 सेंमी, बैठकीची उंची 40, म्हणून पायांखाली 13 सेंमीचं खोकं. पाय लोंबकळत असतील तर शरीर आधार शोधायला ताणतंच. खुबा, गुडघा, घोटा तिन्ही काटकोनात आले आणि तिची मूठ आपोआप उघडली. आई बघतच राहिली.

आईला बुटक्या स्टुलावर बसवलं, डोळे मुलीच्या डोळ्यांच्या किंचित खाली. हनुवटी जराशी आत. मान मागे असताना गिळलं तर श्वासनलिका नीट झाकली जात नाही, हे इथे सगळ्यांत महत्त्वाचं. चमचा उथळ, गुळगुळीत, न तुटणाऱ्या सिलिकॉनचा घेतला. समोरून सरळ आत न्यायचा, जिभेच्या मध्यावर हलकेच दाबायचा, वरचा ओठ खाली येईपर्यंत थांबायचं आणि सरळच बाहेर काढायचा. वरच्या दातांवर पुसून काढला की मान पुन्हा वर जाते. तिसऱ्या घासाला तिने चमचा चावून धरलाच. आईचा हात ओढायला गेला, मी धरून ठेवला. ओढलं की पकड घट्ट होते. हनुवटी आत आणून नुसतं थांबलो. दहा-बारा सेकंदांनी जबडा सैल झाला.

घास नीट जाऊ लागले, पाणी मात्र नाही. दुसऱ्या घोटानंतर डोळ्यांत पाणी आलं, श्वास घरघरला. "आ" म्हणायला लावलं, तर आवाज ओलसर, जणू घशात पाणी साचलंय. मी तिथेच थांबवलं आणि डॉक्टरांना फोन केला. बैठक सुधारून सगळं सुटत नाही. आठवड्याभरात एक्स-रेखाली गिळण्याची तपासणी झाली. पातळ पाणी श्वासनलिकेत जात होतं, काही वेळा तर खोकलाही न येता. म्हणूनच नुसता ठसका मोजून कधीच निर्धास्त राहू नये.

तपासणीनंतर आयडीडीएसआय या, पेयं आणि अन्न किती दाट हे ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय मोजपट्टीच्या दुसऱ्या पातळीइतकं दाट पेय ठरलं. ते दाट झालं की नाही, हे नजरेने ठरवायचं नाही. 10 मिलीची सिरिंज, दट्ट्या काढलेला, टोकाला बोट. 10 मिलीपर्यंत भरायची, बोट काढून बरोबर 10 सेकंद गळू द्यायचं. 4 ते 8 मिली उरलं तर दुसरी पातळी. सिरिंजवर शून्यापासून 10 पर्यंतची लांबी 61.5 मिलिमीटर असायला हवी, नाहीतर हिशेब चुकतो. ठेवून दिलं की काही पेयं आणखी दाटतात, म्हणून चाचणी पाजण्याच्या आधीच. पेल्याची नाकाकडची कड अर्धगोल कापलेली, म्हणजे शेवटचा घोटही मान न उचलता घेता येतो.

जेवण अर्ध्या तासावर थांबवायचं, कारण थकल्यावर गिळणं बिघडतं. जे कमी पडेल ते दिवसात जास्त वेळा, थोडं थोडं. नंतर अर्धा तास सरळच बसवायचं. पट्ट्याखालची लाली वीस मिनिटांत गेली नाही तर पट्टा कुठेतरी रुततोय.

निघताना खुर्चीच्या पाठीमागे पेनाने तारीख आणि 31, 27 हे आकडे लिहिले. मुलगी वाढतेय. तीन महिन्यांनी पुन्हा टेप लावायची आहे.