शाणूला ओहोटी गाठायची आहे

फॅनफिक, म्हणजे दुसऱ्याच्या कथेतली पात्रं घेऊन चाहत्यांनी लिहिलेल्या गोष्टी, वाचणाऱ्यांत ‘ओसी’ म्हटलं की निम्मे लोक तिथूनच परत फिरतात. ओसी म्हणजे ओरिजिनल कॅरेक्टर, मूळ कथेत नसलेलं, लेखकाने पदरचं घातलेलं पात्र. परत फिरणाऱ्यांचं अगदीच चुकतं असं नाही. आपण जातो शेरलॉक होम्सला भेटायला आणि तिथे भेटते कोण, तर सात भाषा येणारी, तलवार चालवणारी, निळ्या डोळ्यांची एक मुलगी, जिच्यापुढे होम्सची बोलती बंद! या जातीला ‘मेरी सू’ म्हणतात. १९७३ साली पॉला स्मिथ या बाईंनी स्टार ट्रेक या टीव्ही मालिकेच्या चाहत्यांच्या एका हौशी अंकात या प्रकाराची टर उडवली होती. त्यांची मेरी सू साडेपंधरा वर्षांची, ताफ्यातली सगळ्यांत लहान लेफ्टनंट, सगळ्यांची लाडकी, आणि शेवटी सगळ्यांना रडवून मरणारी. गोष्ट अगदी छोटी, पण नाव चिकटलं ते कायमचं. (हेच सगळे गुण पुरुषात असले की त्याला नायक म्हणतात, ही माझी जुनी तक्रार. तिचं कधीतरी वेगळं लिहीन.)

मला मात्र ओसीशिवाय गत्यंतर नव्हतं. मी लिहितेय ती होम्सच्या गायब वर्षांची गोष्ट. १८९१मध्ये तो स्वित्झर्लंडमधल्या रायशेनबाखच्या धबधब्यात पडून गेला असं सगळे धरून चालले, आणि १८९४मध्ये तो परत उगवला. मधल्या काळात आपण सिगर्सन नावाचा नॉर्वेजियन प्रवासी बनून तिबेटात हिंडत होतो, असं तो आपल्या मित्राला, वॉटसनला सांगतो. तिबेटला कुठल्या वाटेने गेला, ते होम्सच्या लेखकाने, डॉयलसाहेबांनी सांगितलं नाही. मग मी त्याला गोव्यात मुरगावला उतरवला. बंदरातून घाट चढून कॅसलरॉकला जाणारी आगगाडी तेव्हा नवी होती, परदेशी माणूस बंदरावर दिसला तर कुणी वळून बघणार नाही. तिथून होडीने जुवारी नदी पार करून आमच्या दुर्भाटला. प्रकरण काय आहे ते इथे सांगत नाही.

पण वॉटसन लंडनात, तोही मित्र मेला असं समजून बसलेला. होम्स बोलणार कुणाशी?

आधी डॉयलने काय केलंय ते बघितलं. होम्सची घरमालकीण मिसेस हडसन, तिचं पहिलं नाव त्याने कुठेच दिलेलं नाही. पोलीस इन्स्पेक्टर लेस्ट्रेडच्या वाट्याला पहिल्या नावाचं एक नुसतं ‘जी’ आलं. मिसेस हडसनचं रूपवर्णन, बालपण, दुखरी आठवण, काही नाही. पण होम्स परत येतो त्या कथेत मारेकऱ्याला फसवायला खिडकीत त्याचा मेणाचा पुतळा ठेवलेला असतो, आणि ही बाई दर पाव तासाने गुडघ्यांवर रांगत जाऊन तो जरा फिरवते, आपली सावली पडद्यावर पडू न देता. झालं. बाई जन्मभर लक्षात राहते. होम्ससाठी बातम्या काढणारी रस्त्यावरची पोरंसुद्धा होम्सवरच्या भक्तीने येत नाहीत, दिवसाला एक शिलिंग घेतात.

गावच्या उत्सवातल्या नाटकांना मी प्रॉम्प्टिंग करते. विंगेत वही घेऊन बसलं की एक गोष्ट कळते. राजाचं काम करणाऱ्याला आपली वाक्यं पुरतात. भालदार मात्र तालमीला येऊन विचारतो, “मी आत येतो तो कुठून?” दिग्दर्शक वैतागतो, “डाव्या विंगेतून, आणखी कुठून!” पण मला भालदाराचाच प्रश्न बरोबर वाटतो. ओसी लिहिताना मी तोच विचारते. नायक आलाच नसता, तर हा माणूस आत्ता काय करत असता?

शाणू त्यातून आला. शाणू आमच्या खाजनाची मानस सांभाळतो. गोव्याबाहेरच्यांसाठी थोडक्यात: खाजन म्हणजे खाडीकाठची, मातीचे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली जमीन. बांधाला लाकडी झडपांचं दार असतं, ती मानस. भरतीचं पाणी दाबलं की झडप आपोआप मिटते, ओहोटीला आतल्या पाण्याच्या जोराने उघडते, आणि तिथे जाळं लावलं की सुंगटं, शेवटाळे मिळतात. त्या मासळीच्या हक्काची पावणी, म्हणजे लिलाव होतो. बांधाचा मोठा वैरी म्हणजे कुर्ली (खेकडा), ती चिखलात बिळं पाडते. बीळ वेळेवर बुजवलं नाही तर तिथूनच बांध फुटतो. हे सगळं माझ्या मामाच्या तोंडून ऐकलेलं. त्याला होम्स माहीत नाही आणि त्याला त्याचं काही वाटतही नाही.

आता बघा. वॉटसनने होम्सच्या ज्ञानाची यादी केलीय, त्यात पँटवर उडालेल्या चिखलावरून तो लंडनचा कुठला भाग ते सांगतो, असं आहे. दुर्भाटच्या चिखलात तो निरक्षर. म्हणून प्रसंग असा लिहिला:

सिगर्सन बांधावर उकिडवा बसून चिमटीतला चिखल चोळून बघतोय. शेजारी दुभाषी कायतान, छत्री धरून.

“पात्रांव काय शोधतात?” शाणू विचारतो. पात्रांव म्हणजे साहेब.

“परवा रात्री इथून होडी गेली का, असं विचारतात, शाणूबाब.”

“होडीचं होडीवाल्याला विचार म्हणावं. माझा कोरगूट खाऱ्या पाण्यात गेला, त्याचे पैसे कोण देणार ते आधी सांग. कुणी मेल्याने मानशीच्या झडपेत लाकूड खुपसून ठेवलं होतं.”

कायतान यातला ‘मेल्या’ गाळून बाकीचं सांगतो. शाणू तोवर निघालेला असतो, ओहोटी लागलीय, जाळं लावायचंय.

इथे लेखकाला मोह होतो. शाणूच्याच तोंडी घालावं, की झडप उघडी ठेवली म्हणजे कुणालातरी भरतीला आतल्या पोंयीत (मानशीमागच्या खोल डबक्यात) पाणी चढवायचं होतं, म्हणजे तिथे लपवलेली जड होडी तरंगवायची होती. किती छान वाटेल! आपल्या गावचा माणूस लंडनवाल्याच्या वरताण. पण तसं केलं की शाणूची मेरी सू होते, धोतरातली. कोरगूट हे खारं पाणी सोसणारं भात. तेही करपलं म्हणजे पाणी किती शिरलं असेल, हे शाणूच सांगू शकतो. त्यावरून होडी फक्त होम्स काढू शकतो. शाणूला खुनाशी देणंघेणं नाही, त्याला भाताची भरपाई हवीय. होम्सला भाताशी नाही. दोघं एकमेकांवर मनापासून वैतागतात, आणि मला त्या दोघांना एका पानावर ठेवायला कारण मिळतं.

माझी मैत्रीण मसुदे वाचते. तिचं म्हणणं, शाणूला थोडा भूतकाळ दे, बायको वारलेली वगैरे. मी नाही देणार. वारलेल्या बायका फॅनफिकमध्ये उदंड झाल्या.

कायतानचं काम सोपं होतं. पणजीचं लिसेव, म्हणजे पोर्तुगीज सरकारी शाळा, १८५४पासूनचं, तिथे शिकलेल्याला फ्रेंच येणार, आणि होम्सची आजी फ्रेंच चित्रकार व्हर्नेची बहीण, हे तो स्वतःच वॉटसनला सांगतो. म्हणजे दोघांचं फ्रेंचमध्ये जमलं. कायतानला मुंबईला नोकरी हवीय आणि परदेशी साहेबाचं शिफारसपत्र हवंय, म्हणून तो साहेबाला राग येईल असं काही सांगतच नाही. मला वॉटसनची नक्कल नको होती. वॉटसन खरं सांगतो, कायतान सोयीचं सांगतो. त्यामुळे होम्सला प्रत्येक साक्ष दोनदा तपासावी लागते, एकदा साक्षीदारासाठी आणि एकदा कायतानसाठी.

कुठलंही पात्र नवीन घातलं की मी ते प्रकरण पुन्हा वाचते, पण लक्ष होम्सवर ठेवून. तो उगाच मवाळ झाला का? ओसीच्या विनोदाला हसला का? एरवी जे पटकन ओळखतो ते या पानावर त्याला का दिसलं नाही? ओसी कितीही हुशार असो, त्याच्यासाठी मूळ पात्राने आपला स्वभाव सोडला की वाचक पुस्तक मिटतो, आणि त्याने मिटावंच.

सध्या पावणीचं प्रकरण अडलंय. कोमुनिदादीच्या, म्हणजे गावच्या सामायिक जमिनी सांभाळणाऱ्या संस्थेच्या घरासमोर गाव जमलाय, मानशीच्या हक्काची बोली चढतेय, आणि खुनी त्या बोली लावणाऱ्यांत आहे. कायतानला मी मुद्दाम मडगावला पाठवलंय. होम्स मागच्या बाकावर बसलाय आणि त्याला एक अक्षर कळत नाहीये. शाणू स्वतः बोलीत उतरलाय, तेव्हा तोही त्याच्याकडे बघणार नाही. तर आता नुसत्या हातांवरून आणि चेहऱ्यांवरून होम्सने कितीपर्यंत पोचायचं, ते ठरवायचंय. मामाला विचारलं, तर तो म्हणतो, खरा घेणारा कधी पहिली बोली लावत नाही. हे होम्सला ठाऊक असेल का?