लॉगिनच्या आधीच उठणारा बॅकअप, माझा अनुभव

मी बेळगावात शहापूरला असते, वडगाव खासबागच्या तीन-चार मागवाल्यांचे हिशोब बघते. दिवसभराची बिलं बॅकअपच्या प्रोग्रॅमनं आपोआप नेटवर जातात आणि कोल्हापूरला माझा मावसभाऊ तिथनं घेऊन जीएसटी भरतो. मागच्या महिन्यात ११ तारखेला, म्हणजे जीएसटीआर-१ (विक्रीच्या बिलांचं जीएसटी विवरणपत्र) भरायच्या शेवटच्या दिवशी, सकाळीच दादाचा फोन, "अगं फाईल आठवड्यापूर्वीचीच आहे की, नवीन बिलं कुठं आहेत?" पोटात गोळाच आला. बिलं पेनड्राईव्हवरनं दुसरीकडं नेऊन मेल केली, त्या दिवसाचं निभावलं.

कारण शोधायला बसले तर साधंच होतं. आमचं नेट असं की राउटर लावला तरी ब्राऊझरमध्ये युजरनेम पासवर्ड घातल्याशिवाय पुढं काही जात नाही, आणि लॅपटॉप सुरू झाला की बॅकअप मात्र लगेच उठतो, त्याला नेट मिळत नाही, एकदा एरर देतो आणि दिवसभर गप्प, परत बघतच नाही. वायफाय जोडलेलं दिसतं खरं ते राउटरपर्यंतच.

मग विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये स्टार्टअप, म्हणजे लॅपटॉपबरोबर आपोआप उठणाऱ्या प्रोग्रॅमची यादी असते, तिथं जाऊन त्याला डिसेबल केलं आणि टास्क शेड्युलरमध्ये (ठरल्या वेळी काम सुरू करणारी विंडोजची सोय) नवीन टास्क केला, लॅपटॉपमध्ये लॉग ऑन झाल्यावर ३ मिनिटांनी सुरू हो असा. यादीत ३ मिनिटं नाहीत, ३० सेकंद, १ मिनिट आणि मग एकदम ३० मिनिटं, खरं तिथं हातानं टाईप केलं की घेतंय. चार दिवस चाललं. पाचव्या दिवशी लॉगिनचं पान उघडायलाच वेळ लागला आणि परत तेच. तेव्हा कळलं की मिनिटं मोजून उपयोग नाही, नेट खरंच आलंय का ते विचारायला पाहिजे.

पिंग करून, म्हणजे लांबच्या कॉम्प्युटरला नुसती हाक मारून बघावं म्हटलं तर आमच्याकडं नेटच्या लॉगिनच्या आधीच पिंगला उत्तर येत होतं! आणि कुठलंही पान मागितलं तर त्याच्या जागी लॉगिनचं पान, म्हणजे उत्तर आलं एवढ्यावर विश्वास नाही, उत्तरात काय आहे ते वाचावं लागतं. विंडोज स्वतः याच कामासाठी मायक्रोसॉफ्टची एक छोटी टेक्स्ट फाईल मागवतं, तिच्यात फक्त 'मायक्रोसॉफ्ट कनेक्ट टेस्ट' एवढंच इंग्रजीत लिहिलेलं असतं. मी बॅच फाईल (हुकूम ओळीनं चालवणारी साधी फाईल) केली आणि टास्कमध्ये बॅकअपच्या जागी ती लावली, कर्लनं (नेटवरनं फाईल आणणारा छोटा प्रोग्रॅम) मायक्रोसॉफ्टची ती फाईल आणायची, हे शब्द सापडले तर बॅकअप सुरू, नाहीतर १५ सेकंद थांबून परत. कर्ल विंडोज १० मध्ये २०१८ पासून आधीच असतं, वेगळं काही घालायला लागलं नाही.

लॉगिनच आपोआप करून टाक असं दादा म्हणाला, खरं पासवर्ड साध्या फाईलमध्ये लिहून ठेवायचा हे मला पटलं नाही, लॅपटॉप आम्ही दोघीजणी वापरतो.

तरी एका सकाळी टास्क सुरूच झाला नाही. लाईट गेलेली, राउटर इन्व्हर्टरवर आणि लॅपटॉप बॅटरीवर. कंडिशन्समध्ये 'एसी पॉवर असेल तरच सुरू करा' (म्हणजे बॅटरीवर नको) ही खूण आधीपासूनच असते, ती काढली. आपल्याकडं लाईटचं असं असताना ही खूण आधी बघा, माझे दोन दिवस त्यातच गेले.

काल परत लाईट नव्हती. लॅपटॉप चालू करून मुद्दाम दहा मिनिटं नेटचं लॉगिन केलं नाही, बॅच फाईलची काळी विंडो तशीच वाट बघत बसलेली. लॉगिन केलं आणि पाव मिनिटाच्या आत बॅकअप उठला. दादाला फोन लावून शेवटच्या बिलाचा नंबर विचारला, माझ्यासमोरच्या वहीतलाच नंबर त्यानं वाचून दाखवला.