धालो स्टेजवर न्यायचा का?

सध्या आमच्या ग्रुपमध्ये एकच वाद चाललाय, धालो, म्हणजे गोव्यातल्या बायकांचा पारंपरिक नाच, कंटेम्पररी डान्समध्ये घ्यायचा की नाही. झालं असं की सरांनी सांगितलं, प्रत्येकाने आपल्या घरातली एक मूव्हमेंट आणा. मी भरतनाट्यम शिकलेली, पण ते घरातलं कुठे, ते क्लासमधलं. घरातलं म्हटलं तर चवथीची फुगडी आणि पौषातला धालो.

फुगडीचं जमलं. अमेरिकन नर्तकी मार्था ग्रॅहमच्या टेक्निकमध्ये काँट्रॅक्शन असतं ना, श्वास सोडताना पोट आत आणि पाठीला बाक, ते माझ्याच्याने काही केल्या होत नव्हतं. आणि आमच्या डिचोलीच्या बायका फू फू करत वाकून फुगडी घालतात तेव्हा दुसरं काय होतं? लय चढली की गाणं सुटतं, नुसते श्वास आणि पाय ऐकू येतात. तसं करून दाखवल्यावर सर म्हणाले, हां, हेच हवं होतं.

धालोचं मात्र अडलंय. समोरासमोर दोन रांगा, एकमेकींना धरून वाकत पुढे, वाकत मागे. स्टेप्स म्हणून बघाल तर दोन मिनिटांत शिकून होईल. पण मांडावर, म्हणजे धालो खेळतात त्या पवित्र अंगणात, चप्पल घालून कोणी जात नाही, शेवटच्या रात्री काही बायकांच्या अंगात रंभा येतात, आणि तिथे प्रेक्षक असा कोणी नसतोच, ज्या आहेत त्या सगळ्या रांगेत. मग पणजीच्या ऑडिटोरियममध्ये मी कोणासाठी वाकू?

मैत्रीण म्हणते, कंटेम्पररी नर्तक अस्ताद देबूंनी मणिपूरचे पुंगवादक (पुंग म्हणजे मृदंगासारखं वाद्य) स्टेजवर आणलेच की. आणले, पण ते वादक स्वतः तिथे होते ना, आपली कला आपणच करत होते. इथे मांडावरच्या बायका राहणार घरी आणि आम्ही लायटिंग लावून त्यांच्यासारखं वाकणार.

आणि आमची ओळख म्हणाल तर तिचाही गोंधळच, घरात कोंकणी, शाळा मराठी, धालोची गाणी दोन्हींत कालवलेली. बाहेर भाषेवरून भांडणारे भांडतात, मांडावर मात्र ही ओळ कुठल्या भाषेतली असं कधी कोणी विचारलेलं मी ऐकलं नाही. स्टेजवर न्यायचंच तर मला हे न्यायला आवडेल, पण ते शरीराने कसं दाखवायचं कोण जाणे.

शेवटी काकीलाच विचारलं, ती दरवर्षी मांडावर असते. म्हणाली, नाच गो, वाकायला काय आमची परवानगी लागते? फक्त गाणी आमची घेऊ नको, ती तिथलीच.

सरांना अजून हे सांगितलेलं नाही, त्यांनी म्युझिक आधीच ठरवून ठेवलंय.