दोन ठिकाणी नाव

एकतीस वर्षं मी ज्युनिअर कॉलेजात प्रवेशाच्या खिडकीत काढली. एका पोराचं नाव दोन ठिकाणी दिसलं की फॉर्म बाजूला काढायचा, हे हाताला इतकं बसलेलं की आजही झोपेत विचारीन, आधीचा प्रवेश रद्द केल्याचं पत्र कुठाय? म्हणून नोव्हेंबरात नातीचा फॉर्म समोर आला आणि मी अडलो.

नात कॅलिफोर्नियात बारावीला. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या (यूसी) ९ कॅम्पससाठी एकच अर्ज भरायचा असतो. इकडे नाशिकला गंगापूर रोडच्या आमच्या गॅलरीत सकाळचे सात, मी मफलर गुंडाळून चहा घेऊन बसलेलो. तिकडे आदल्या संध्याकाळचे साडेपाच. "आजोबा, तुम्ही फॉर्मवाले ना, एकदा नजर टाका."

तिने शाळेत असतानाच जवळच्या कम्युनिटी कॉलेजचे (तिकडचं दोन वर्षांचं सरकारी कॉलेज) तीन विषय घेतले होते: इंग्रजी, सायकॉलॉजी आणि स्टॅटिस्टिक्स. याला तिकडे डुअल एनरोलमेंट म्हणतात. सौ. म्हणाली, त्यात काय एवढं, आपल्याकडे अकरावीपासून कॉलेजच असतं! आता कॉलेज रोडवर हिंडणाऱ्या पोरांना ते कॉलेज नव्हे, हे कोण सांगणार.

नातीने इंग्रजी आणि सायकॉलॉजी शाळेच्याच विषयांत घातले होते, कारण शाळेच्या मार्कशीटवरही ते छापलेले. मी म्हटलं, "शाब्बास, सगळं एकाच ठिकाणी राहू दे." आणि इथेच माझं चुकलं. सुनेने सूचना वाचून दाखवली. जिथे शिकलात त्या संस्थेखाली विषय लिहा, शाळेच्या कागदावर दिसत असला तरी. आणि एकदाच लिहा. म्हणजे कॉलेज वेगळं जोडायचं आणि दोन्ही विषय तिकडे हलवायचे.

हे नुसतं जागा बदलणं नव्हतं. ३ युनिटांचा, म्हणजे क्रेडिटांचा, एका सेमिस्टरचा कॉलेजचा विषय यूसी शाळेच्या पूर्ण वर्षाइतका धरते. शिवाय तो विषय यूसीत ट्रान्सफर होण्याजोगा, म्हणजे पुढे यूसीच्या पदवीतही धरला जाईल असा, असेल तर जीपीए (ग्रेडची सरासरी) काढताना 'ए'चे ४ ऐवजी ५ गुण धरतात. अशा जादा गुणांना मर्यादा आहे, पण पोरीच्या पदरात पडणारं शाळेच्या रकान्यात का दडवायचं?

स्टॅटिस्टिक्स मात्र कुठेच दिसेना. विचारलं तर गप्प. मग म्हणाली, "मी मध्येच सोडला. कॉलेजच्या रेकॉर्डवर डब्ल्यू आहे, म्हणजे विथड्रॉ. किती वाईट दिसतं ते."

इथे माझी एकतीस वर्षं कामी आली. एकदा एकाने नापासाची ओळ व्हाइटनरने झाकून मार्कलिस्टची झेरॉक्स आणली होती. झेरॉक्सवर काहीच कळत नव्हतं; मी मूळ प्रत मागितली, खिडकीच्या उजेडात धरली आणि पांढरा चट्टा चमकला. पोरगा नापास झाला म्हणून कुणी हाकललं नसतं. चट्ट्यामुळे बाप हात जोडून उभा राहिला. नातीला म्हटलं, प्रवेश मिळाल्यावर शाळेचं आणि कॉलेजचं, दोन्हींचं अधिकृत ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे गुणपत्रक, मागवतात. तिथे डब्ल्यू असणार आणि अर्जात नसणार, मग मिळालेली जागाही जाऊ शकते. शिवाय डब्ल्यू जीपीएत धरतच नाहीत. लिही.

लिहिला. ग्रेडच्या यादीत डब्ल्यू आधीपासून होताच, म्हणजे तिच्यासारखी आणखी पुष्कळ पोरं असणार.

शेवटची तारीख ३० नोव्हेंबर, तिने दोन दिवस आधीच बटण दाबलं. मी प्रिंट काढ म्हटलं. घरात प्रिंटरच नाही म्हणे.

सौ.ने आतून विचारलं, "कॉलेजचे विषय झालेत ना, मग आता थेट दुसऱ्या वर्षाला का?"

"नाही गं. शाळेत असताना कितीही विषय केले तरी अर्ज फ्रेशमन, म्हणजे पहिल्या वर्षाला येणारी, म्हणूनच. ट्रान्सफरवाली, म्हणजे दुसऱ्या कॉलेजातून येणारी, ठरत नाही ती."

"मग एवढा खटाटोप कशाला?" म्हणाली आणि पोह्यांना कांदा चिरायला लागली.